फुटी आपली नाही म्हणणाऱ्यांसाठी

मंडळी, आधीच जाहीर करून टाकते. या वीकांताला मी कुणाच्याही घरी पॉटलकला येणार नाहीये. पावभाजी असली तरी नाही. कुणाकडे सत्यनारायण असेल तर प्रसाद सोमवारी घरी पाठवून द्या, डबा धुऊन परत करीन. कारण या वीकांताला फुटी आहे. आणि साधीसुधी फुटी नाही, सर डग निकल्स राउंड आहे.

हे वाचून कोण काय म्हणणार ते मला आता पाठ झालंय. सांगलीहून आत्या फोनवर म्हणणार, "अगं, पुरुषांची ती धक्काबुक्की बघायला एवढ्या थंडीत कशाला तडफडतेस?" इथली मित्रमंडळी म्हणणार, "आयपीएल ऐन रंगात आलेली असताना हे काय खूळ?" आणि आमच्या मंडळातले एक काका (नाव लिहीत नाही, ते स्वतःला बरोबर ओळखतील) दरवर्षीप्रमाणे ठेवणीतलं वाक्य काढणार, "तो खेळ आपला नाही गं."

आज माझं भांडण या शेवटच्या वाक्याशी आहे. आत्याला समजावता येईल, आयपीएलवाल्यांना सोडून देता येईल. पण हे "आपला नाही" मला गेली कित्येक वर्षं टोचतंय. मी २००४ साली मेलबर्नला आले. तेव्हापासून हे वाक्य मी फुटीबद्दल ऐकतेय, इथल्या राजकारणाबद्दल ऐकतेय, इथल्या मूळ रहिवाशांबद्दल तर हमखास ऐकतेय. घर इथे, नोकरी इथे, मुलं इथली, पेन्शन इथली, पण बाकी काही "आपलं नाही". हे कसं काय बुवा?

पुण्या-सांगलीच्या वाचकांसाठी आधी थोडी माहिती. ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, म्हणजे आमची फुटी, हा रग्बी नाही आणि सॉकरही नाही. मैदान लंबगोल, क्रिकेटचंच. प्रत्येक बाजूला १८ खेळाडू. चेंडूही लंबगोल. तो लाथाडायचा, किंवा एका हातावर धरून दुसऱ्या हाताच्या मुठीने ठोसायचा. फेकायला बंदी. हातात घेऊन पळायचं असेल तर दर १५ मीटरला एकदा त्याचा जमिनीवर टप्पा पाडायचा, आणि लंबगोल चेंडूचा टप्पा पळता पळता परत हातात आणणं हे काय प्रकरण आहे ते एकदा अंगणात करून बघा. ऑफसाइड वगैरे भानगड नाही. १५ मीटरहून जास्त लांब आलेली किक हवेतच झेलली की 'मार्क', मग तुम्हाला निवांत किक मारायला मिळते. गोलपोस्ट चार. मधल्या दोहोंतून लाथाडला तर गोल, ६ गुण. थोडक्यात हुकून बाजूच्या फटीतून गेला तर 'बिहाइंड', १ गुण. नेम चुकला तरी पदरात काहीतरी टाकणारा दुसरा खेळ मला माहीत नाही. वीस वीस मिनिटांचे चार डाव, पण चेंडू खेळाबाहेर गेला की घड्याळ थांबतं, त्यामुळे प्रत्येक डाव अर्ध्या तासाच्या आसपास जातो.

धक्काबुक्की आहे का? आहे. पण आत्या, तू माझ्या बाबांची सख्खी बहीण. बाबा कबड्डीत मांडी सोलून घरी यायचे तेव्हा हळद लावायला तूच असायचीस ना? चढाईला आलेल्याची पकड काय हळूच, "माफ करा हं" म्हणून करतात? ज्या घराने कबड्डी डोक्यावर घेतली त्या घराने फुटीला रानटी म्हणावं, हे मला पटत नाही. आणि "पुरुषांची" म्हणशील तर तेही आता खरं राहिलेलं नाही. बायकांची लीग ३ फेब्रुवारी २०१७ ला सुरू झाली. कार्लटन विरुद्ध कॉलिंगवूडच्या त्या पहिल्या सामन्याला २४ हजारांवर लोक आले आणि मैदानाचे दरवाजे बंद करावे लागले. तुझी नात दर शनिवारी सकाळी गुडघे फोडून घेऊन येते ती त्याच लाटेतली.

आता क्रिकेटवाल्यांसाठी. हा खेळ तुमच्याच घरातला आहे. टॉम विल्स नावाचा व्हिक्टोरियाचा मोठा क्रिकेटपटू होता. त्याने १० जुलै १८५८ रोजी एका वर्तमानपत्रात पत्र छापून आणलं की हिवाळ्यात क्रिकेटपटू आळसावतात, तेव्हा एक फुटबॉल क्लब काढा. पुढच्याच वर्षी, १७ मे १८५९ ला, त्याने आणि आणखी काही जणांनी बसून मेलबर्न क्लबचे नियम लिहून काढले. म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनच्याही चार वर्षं आधी. क्रिकेटपटूंसाठी, क्रिकेटपटूंनी काढलेला हा खेळ. याच विल्सने १८६६ साली बॉक्सिंग डेला एमसीजीवर मूळ रहिवाशांचा क्रिकेट संघ उतरवला होता, आणि त्यातले बरेचसे खेळाडू १८६८ मध्ये इंग्लंडच्या दौऱ्यावर गेले. ऑस्ट्रेलियातून इंग्लंडला गेलेला पहिला क्रिकेट संघ गोऱ्यांचा नव्हता, काळ्यांचा होता. पश्चिम व्हिक्टोरियातले मूळ रहिवासी 'मार्नग्रूक' नावाचा चेंडूचा खेळ खेळायचे, आणि विल्सचं बालपण त्याच भागात गेलं. फुटीत मार्नग्रूक किती उतरला यावर इतिहासकार अजून भांडतात. भांडू देत. पण ज्या जमिनीवर हा खेळ उभा राहिला तिच्यावर आधी कोण खेळत होतं, याबद्दल भांडण नाही.

तर आता हा राउंड ज्यांच्या नावाने आहे ते डग निकल्स कोण?

जन्म १९०६, न्यू साउथ वेल्समध्ये मरी नदीकाठच्या कमेरागुंजा वसाहतीत. योर्टा योर्टा समाजातले. उंची जेमतेम पाच फूट दोन इंच, पण पायात वारं. १९२७ मध्ये मेलबर्नच्या एका नामांकित क्लबात नशीब काढायला गेले. तिथे सहकाऱ्यांनी याच्या अंगाला वास येतो अशी तक्रार केली, मालिश करणाऱ्याने अंगाला हात लावायला नकार दिला, असं सांगतात. निकल्सना परत जावं लागलं. मग ते नॉर्थकोटकडून खेळले, आणि १९३२ मध्ये फिट्झरॉय क्लबाने त्यांना घेतलं. तिथेही पहिल्या दिवशी कपडे बदलायच्या खोलीत ते एका कोपऱ्यात एकटे बसले. तेव्हा हेडन बन्टन, त्या काळचा सगळ्यात मोठा खेळाडू, उठून त्यांच्या शेजारी जाऊन बसला. बस्स, एवढंच केलं त्याने. निकल्स पुढे फिट्झरॉयकडून पन्नासहून जास्त सामने खेळले, पाद्री झाले, आपल्या लोकांच्या हक्कांसाठी आयुष्यभर झगडले, १९७२ मध्ये 'सर' झाले, आणि १९७६ मध्ये साउथ ऑस्ट्रेलियाचे गव्हर्नर झाले.

काका, "अंगाला वास येतो" हे वाक्य ओळखीचं वाटलं का? आपल्यातल्या कितीजणांनी ऑफिसात डबा गरम करताना या वाक्याची आवृत्ती ऐकली आहे, हात वर करा. आणि दुसरा हात वर करा, ज्यांनी हेच वाक्य आपल्या आजोळी-पंजोळी दुसऱ्या कुणाबद्दल तरी ऐकलं आहे. पळवणकर बाळू आठवतात? पुण्यातल्या गोऱ्यांच्या क्लबात मैदान राखायचे, नेटमध्ये गोऱ्यांना गोलंदाजी टाकायचे. चांभार जातीचे म्हणून आपल्याच हिंदू संघात त्यांना चहा बाहेर, मातीच्या भांड्यात मिळायचा. त्याच बाळूंनी १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून जास्त बळी घेतले. बाळूंना कप्तानपद शेवटपर्यंत दिलं नाही, ते १९२३ मध्ये त्यांचे धाकटे भाऊ विठ्ठल यांना मिळालं. डग निकल्सची गोष्ट परक्यांची आहे असं ज्यांना वाटतं त्यांनी बाळूंची वाचावी. दोन्ही गोष्टींत एकच खोली आहे, फक्त दोन देशांतली.

आता येते या वीकांताकडे.

हा राउंड हल्ली दोन आठवडे चालतो. सगळे अठराच्या अठरा क्लब मूळ रहिवासी चित्रकारांनी, बऱ्याचदा खेळाडूंच्या घरच्यांनीच, काढलेल्या नक्षीच्या जर्सी घालतात. मेलबर्न क्लब या काळात स्वतःला 'नार्म' म्हणवतो, पोर्ट अॅडलेड 'यार्टापूल्टी' होतो, फ्रीमँटल 'वाल्यालप'. हे ऐकून आपल्यातले काहीजण हसतात. "काय ती नावं!" म्हणतात. अहो, तुमच्यासमोर कुणी बॉम्बे म्हटलं तर तुम्ही जेवणाच्या ताटावरून उठून "मुंबई म्हणा" म्हणून दुरुस्त करता. १९९५ मध्ये मुंबईचं नाव अधिकृत झालं तेव्हा पेढे वाटले होतेत. मग तुम्ही ज्या गावात वीस वर्षं राहताय त्याला इथले मूळ लोक नार्म म्हणतात, हे तुमच्या मुलांना माहीत असायला काय हरकत आहे?

वीकांताचा मुख्य सामना अर्थात ड्रीमटाइम अॅट द जी. एसेंडन विरुद्ध रिचमंड, एमसीजीवर, २००५ पासूनची परंपरा. याच्यामागे मायकल लाँगची गोष्ट आहे. लाँग एसेंडनचा मोठा खेळाडू. २००४ च्या नोव्हेंबरात तो मेलबर्नच्या आपल्या घरातून निघाला आणि कॅनबेराच्या दिशेने चालायला लागला, साडेसहाशे किलोमीटर, पंतप्रधान जॉन हॉवर्ड यांना विचारायला की माझ्या लोकांसाठी तुम्ही काय करणार आहात. हॉवर्ड यांना त्याला भेटावं लागलं. आपल्या वारकऱ्यांना पायी चालण्याची ताकद वेगळी सांगायला नको. आजही ड्रीमटाइमच्या आधी हजारो लोक फेडरेशन स्क्वेअरपासून एमसीजीपर्यंत लाँगबरोबरची ती चाल चालतात. गोरे, काळे, म्हातारे, बाबागाडीतली पोरं, सगळे. दिंडीच म्हणा ना.

खेळाबद्दल म्हणाल तर फार अपेक्षा ठेवू नका. रिचमंडने २०१७, २०१९ आणि २०२० अशी तीन अजिंक्यपदं मारली आणि मग २०२४ मध्ये तळाला जाऊन बसले. एसेंडनवाल्यांना तर बाद फेरीतला विजय शेवटचा कधी बघितला विचारू नका, २००४ म्हणतील आणि रडतील. पण हा सामना गुणतक्त्याचा नाहीच. आणि आमच्या बुलडॉग्जचंही या वीकांताला आहेच, पण त्याबद्दल मी एक अक्षर भाकीत करणार नाही. दृष्ट लागते.

हो, मी वेस्टर्न बुलडॉग्जची. आम्ही पश्चिम मेलबर्नात राहतो, दुसरा कुठला क्लब असणार? आणि "आपला नाही"वाल्यांना माझं सगळ्यात मोठं उत्तर हा क्लबच आहे. १९८९ मध्ये लीगने ठरवलं की फूट्सक्रे (म्हणजे तेव्हाचे बुलडॉग्ज) कर्जात आहेत, यांना फिट्झरॉयमध्ये विलीन करून टाकू. गिरण्या-कारखान्यांतली, गोदीतली, गरीब वस्तीतली ही माणसं. त्यांनी डबे खुळखुळवत दारोदार फिरून काही आठवड्यांत दहा लाखांहून जास्त डॉलर उभे केले, कोर्टात गेले आणि क्लब वाचवला. मग २०१६ मध्ये सातव्या क्रमांकावरून बाद फेरीत जाऊन, चार सामने सलग जिंकून, सिडनीला ८९–६७ हरवून अजिंक्यपद घेतलं. त्याआधीचं १९५४ चं. मधली बासष्ट वर्षं कोरडी. कप्तान बॉब मर्फी गुडघा फुटून मोसमभर बाहेर होता. कोच ल्यूक बेव्हरिजने स्वतःला मिळालेलं पदक मंचावर बोलावून मर्फीच्या गळ्यात घातलं. त्या दिवशी फूट्सक्रेच्या रस्त्यांवर व्हिएतनामी फोवाले, इथिओपियन कॉफीवाले, इटालियन म्हाताऱ्या आणि आम्ही दोन-चार मराठी कुटुंबं, सगळे एकाच रंगात होतो. कुणी मला पासपोर्ट विचारला नाही.

आपल्यासारखेच बाहेरून आलेले या खेळात आधी कसे शिरले ते बघा. युद्धानंतर आलेल्या ग्रीक-इटालियनांची पोरं शिरली. कार्लटनचा कूटूफिडीस, हॉथॉर्नचा डिपियरडोमेनिको, ही नावं आज इथल्या गोऱ्या आजोबांना तोंडपाठ आहेत. लेबनीज घरातला बाचर हूली रमजानचे रोजे सांभाळत रिचमंडकडून तीन अजिंक्यपदं जिंकला. सुदानमध्ये जन्मलेला माजाक डॉ २०१३ मध्ये नॉर्थ मेलबर्नकडून उतरला. २०२१ च्या जनगणनेत भारतात जन्मलेले पावणेसात लाख लोक या देशात होते, परदेशात जन्मलेल्यांत इंग्लंडच्या खालोखाल. एवढे आपण असून मैदानावर कुठे आहोत? २३ ऑक्टोबर २०२२ ला भारत-पाकिस्तान सामन्याला एमसीजीवर नव्वद हजार होतो. विराटसाठी घसा बसेपर्यंत ओरडलो, मीही ओरडले. तेच मैदान, तीच खुर्ची, तीच रिचमंड स्टेशनवरून जाणारी वाट. मग हिवाळ्यात ते मैदान आपलं का नसावं?

आता काकांचा हुकमाचा पत्ता. "ते लोक वर्णद्वेषी आहेत. त्यांच्या गर्दीत कशाला जायचं?"

हा मुद्दा मी हसण्यावारी नेणार नाही. तो खरा आहे. १७ एप्रिल १९९३ ला कॉलिंगवूडच्या मैदानावर सेंट किल्डाच्या निकी विनमारला प्रेक्षकांनी दिवसभर घाण शिव्या दिल्या. सामना जिंकल्यावर त्याने जर्सी वर केली आणि आपल्या काळ्या कातडीकडे बोट दाखवलं. तो फोटो आज या देशाच्या इतिहासाचा भाग आहे. १९९५ मध्ये मायकल लाँगने तक्रार लावून धरली म्हणून लीगला वांशिक शिवीगाळीविरुद्ध नियम करावा लागला. संपलं का? नाही. २०१३ मध्ये अॅडम गुड्सला प्रेक्षकांतल्या एका तेरा वर्षांच्या मुलीने 'एप' म्हटलं. त्याने बोट दाखवलं, आणि दुसऱ्या दिवशी तिला दोष देऊ नका, तिला सांभाळा, असंही तोच म्हणाला. २०१४ मध्ये तो 'ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर' झाला. २०१५ मध्ये मैदानामागून मैदानात हजारो लोकांनी त्याची हुर्यो उडवली, इतकी की दोन ब्राउनलो पदकं आणि दोन अजिंक्यपदं जिंकलेला हा माणूस त्या सप्टेंबरात गुपचूप निवृत्त झाला. लीगने आणि अठरा क्लबांनी माफी मागितली ती २०१९ मध्ये. चार वर्षांनी! २०२१ मध्ये कॉलिंगवूडच्याच अहवालाने सांगितलं की क्लबात वर्णद्वेष मुरलेला आहे. आणि मार्च २०२३ मध्ये आमच्या बुलडॉग्जकडून खेळणाऱ्या जमारा यूगल-हेगनला शिवी पडली. पुढच्याच सामन्यात त्याने पहिला गोल मारून जर्सी वर केली आणि कातडीकडे बोट दाखवलं, विनमारसारखंच. मध्ये तीस वर्षं गेली होती.

म्हणजे काका, तुमचं म्हणणं बरोबर आहे. फक्त त्यातून तुम्ही काढलेला निष्कर्ष साफ उलटा आहे.

३१ मे २००९ आठवतो? बरोबर याच दिवसांतला रविवार होता. भारतीय विद्यार्थ्यांवर हल्ले चालले होते, आणि हजारोंनी आपली मुलं फ्लिंडर्स स्ट्रीट स्टेशनासमोर रस्त्यावर बसली होती. त्या दिवसांत आपण सगळे काय म्हणत होतो? इथले लोक गप्प का आहेत? आमच्या बाजूने कुणी का उभं राहत नाही? रास्त प्रश्न होता. पण मग २०१५ मध्ये गुड्सची हुर्यो उडत होती तेव्हा आपण कुठे होतो? आमच्या ओळखीच्या किती घरांत तो विषय तरी निघाला? बहुतेकांना तो कोण हेच माहीत नव्हतं, कारण "तो खेळ आपला नाही". आपल्यावर वेळ आली की सगळ्या जगाने धावून यावं, आणि ज्यांच्या जमिनीवर आपण ईएमआय भरतोय त्यांच्यावर वेळ आली की ते त्यांचं अंतर्गत प्रकरण! याला माझ्या भाषेत मतलबीपणा म्हणतात. प्रमाण मराठीत काय म्हणतात ते तुम्ही ठरवा.

गर्दी वाईट आहे म्हणून आपण घरी बसलो तर गर्दीत वाईटच उरणार. स्टँडमध्ये हुर्यो उडवणाऱ्याच्या पुढच्या-मागच्या खुर्चीवर कोण बसलंय याने फरक पडतो. हेडन बन्टनने भाषण केलं नव्हतं, उठून शेजारी जाऊन बसला होता. आपल्यालाही एवढंच करायचं आहे.

फुटीत सगळं छान आहे असं मी मुळीच म्हणत नाही. टीव्हीवर सामना लावला की जुगाराच्या जाहिरातींचा भडिमार, पोरांना धावफलकाआधी सट्ट्याचे भाव कळतात. डोक्याला लागणाऱ्या माराचं प्रकरण तर गंभीर आहे. डॅनी फ्रॉली आणि शेन टक या दोन खेळाडूंच्या मेंदूत मृत्यूनंतर सीटीई हा आजार सापडला, २०२३ मध्ये हेदर अँडरसनच्याही. २०२१ पासून डोक्याला मार बसलेल्याला किमान बारा दिवस बाहेर बसवतात, पण हे दहा वर्षं आधी व्हायला हवं होतं. माझी लेक खेळते, त्यामुळे ही बातमी मी कोरडेपणाने वाचू शकत नाही. आणि या राउंडबद्दलही सांगते, दोन आठवडे सुंदर जर्सी घालून उरलेले पन्नास आठवडे विसरून जायचं असेल तर तो नुसता देखावा आहे. लीगला हे विचारलंच पाहिजे. पण विचारणार कोण? ज्याचा खेळ आहे तोच ना? "आपला नाही" म्हणणाऱ्याला तक्रारीचाही हक्क राहत नाही, ही या वाक्यातली खरी गोम आहे.

आणि लेकीचा विषय निघालाच आहे म्हणून. मागच्या गणपतीत काकांनी तिच्यासमोर ते वाक्य टाकलं. घरी येताना गाडीत तिने मला विचारलं, "आई, खेळ आपला नाही, गाव आपलं नाही. सांगली तर मी चारदाच पाहिलीय. मग माझं काय आहे?" सतरा वर्षांची पोर. मी तिला म्हटलं, जे तू अंगावर माती लावून घेऊन खेळतेस ते तुझं. पण काका, हे उत्तर मी एकटीने देऊन भागणार नाही. गणपतीच्या मांडवातून ते आलं पाहिजे. आपण मुलांना मराठी शाळेत घालतो, लेझीम शिकवतो, मीही त्यात आहे, आणि ते करत राहणार. पण मुळं रुजवायची तर माती लागते, आणि माती इथलीच आहे. एका हाताने लेझीम आणि दुसऱ्या हातात फुटी, यात कुठेही भांडण नाही. भांडण आपण लावतोय.

तर आता कामाचं बोलू. ड्रीमटाइमला आमच्या ग्रुपबरोबर कोण कोण येतंय ते कळवा. फेडरेशन स्क्वेअरला जमायचं, तिथून सगळ्यांबरोबर चालत एमसीजीला. मैदानात घरचं खाणं नेता येतं, मी थालीपीठं आणि दाण्याची चटणी आणतेय, कुणीतरी थर्मासमध्ये आल्याचा चहा आणा. स्वेटरवर स्वेटर घाला, एमसीजीचं वारं कुणाचीही गय करत नाही. नियम कळले नाहीत तर शेजारच्याला विचारा, फुटीवाला माणूस नियम समजावून सांगायला जन्मभर तयार असतो. आणि आजूबाजूला कुणी घाणेरडं बोललं तर "आपल्याला काय त्याचं" म्हणून मान खाली घालायची नाही, सुरक्षारक्षकाला सांगायचं, मी बरोबर उठेन.

काका, तुमचं तिकीट मी काढून ठेवलंय. रिचमंड स्टेशनवर उतरणार असाल तर फोन करा, घ्यायला येते. फक्त भोंगा वाजायच्या आत जागेवर बसलेले हवेत. सामन्याआधीचा सोहळा चुकवायचा नाही, तिथे मराठी वेळ चालत नाही.